चेंडूशिवाय अजिंक्य

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सहा.

आजपासून. जुलैतही एकदा 'आजपासून' केलं होतं, पण ती रंगीत तालीम होती.

परिस्थिती थोडक्यात. आमच्या क्लबच्या स्क्वॉश टीममध्ये पाच जण. मी पाचवा. अकरा वर्षं पाचवा. अडाण्यांना वाटतं, पाचवा म्हणजे शेवटचा. पण पहिले चौघे दोन-दोन झाले की अख्खा सामना पाचव्याच्या खांद्यावर येतो. असं अजून झालेलं नाही. पण झालंच तर मी आहे, या भरवशावर ते चौघे मोकळेपणाने खेळतात.

यंदा लीग सुरू होण्याआधी पाचव्या जागेसाठी लढत घ्यायची, असं काल कप्तान म्हणाला. (कप्तानाचं रंगांचं दुकान आहे.) तारीख ११ ऑक्टोबर. समोर दंतवैद्य. जिंकेल तो टीममध्ये. हे सांगताना कप्तान वाकून बुटाची लेस बांधत होता. लेस आधीच बांधलेली होती. माझ्यासारख्या सीनियर माणसाला असं सांगणं बिचाऱ्याच्या जिवावर आलं असणार.

दंतवैद्य: वय अठ्ठावन्न. डाव्या गुडघ्याला पट्टा. त्यांना पळताना कोणी पाहिलेलं नाही. माझं वय सेहेचाळीस. गणित सोपं आहे. त्यांच्याकडे हात आहे, मान्य. पण स्क्वॉश हा पायांचा खेळ. मी त्यांना पळवणार, ते पळणार नाहीत, संपलं. त्यासाठी स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग. चार टप्पे: बेस, स्ट्रेंग्थ, पॉवर आणि टेपर. टेपर म्हणजे सामन्याआधी शरीराला मुद्दाम दिलेला आराम. हा टप्पा मला विशेष पटला.

२ सप्टेंबर, मंगळवार.

काल स्क्वॅट्स मारले. आज कमोडवर बसलो आणि उठायला बायकोला हाक मारावी लागली. चांगलं लक्षण आहे. स्नायू तुटल्याशिवाय बांधले जात नाहीत. बायको म्हणाली, तुटायचं झालं असेल तर आता बांधायचं बघा, मला ऑफिसला जायचंय.

मीही ऑफिसला गेलो. मी विमा कंपनीत मोटारींचे क्लेम बघतो. ठोकलेली गाडी बघायची, मालकाचं ऐकायचं, खरं किती आणि खोटं किती ते ठरवायचं. सबब मला लांबून ओळखू येते. आज एकाने गाडी स्वतःच्याच गेटवर घातली होती आणि गेट अरुंद आहे असं लिहून दिलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं. क्लेम नाकारला.

संध्याकाळी क्लबमध्ये एका नवख्याशी सहज खेळलो. हरलो. त्या कोर्टाची डावी भिंत जरा वेगळी आहे, चेंडू तिथे हवा तसा उठत नाही. दिवेही नवीन.

४ सप्टेंबर, गुरुवार.

आज टीमचा दिवस. एरवी सराव, सीझनमध्ये सामना, आणि नंतर कॅन्टीनमधलं आमचं कोपऱ्यातलं टेबल. चहा, सँडविच, गप्पा. मी क्लेमचे किस्से सांगतो. चौघांना फार आवडतात. कप्तानाला तर माझा किस्सा सुरू झाला की हसू आवरत नाही, म्हणून तो उठून काउंटरपाशी जाऊन उभा राहतो. आज गेटवाला किस्सा सांगितला. कप्तान दोनदा काउंटरला गेला.

८ सप्टेंबर, सोमवार.

जिम लावली. ट्रेनर तरुण आहे. त्याने मला आपादमस्तक बघितलं आणि डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलंत असं विचारलं. मी स्पर्धात्मक खेळाडू आहे हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, स्क्वॉशमध्ये पळण्यापेक्षा थांबणं अवघड असतं. कोपऱ्यात लांब पाय टाकून वाकायचं आणि तिथून मागे यायचं, त्याला मांड्या आणि कंबर लागते. सुरुवात नुसत्या दांड्याने करा, वजन नंतर लावा. पोरगा सावध आहे. मी वजन लावलं.

दांडा मानेवर घेऊन खाली बरा गेलो. वर येताना ट्रेनर आणि आणखी एक गृहस्थ लागले.

१० सप्टेंबर, बुधवार.

लाकडी खोक्यावर उडी मारायचा व्यायाम. खोक्याची कड धारदार आहे. नडगी सोलून निघाली. अशा वेळी शहाणा खेळाडू प्लॅनमध्ये लवचिकता ठेवतो. टेपर आधी करून घेतो आहे, बेस नंतर करू. शास्त्राला क्रमाशी काही देणंघेणं नसतं.

१५ सप्टेंबर, सोमवार.

मोठा शोध. घोस्टिंग.

घोस्टिंग म्हणजे चेंडूशिवाय स्क्वॉश. कोर्टाच्या मधोमध रेघा मिळतात तिथे, म्हणजे 'टी'वर उभं राहायचं. चेंडू आला आहे असं समजून एका कोपऱ्यात झेपावायचं, रॅकेट फिरवायची, परत टीवर यायचं. मग दुसरा कोपरा. जगातले मोठमोठे खेळाडू हेच करतात. सकाळी सहाला कोर्ट रिकामं असतं. आज केलं.

काय सांगावं. मी प्रत्येक चेंडूपाशी पोचलो. एकही पॉइंट गेला नाही. अकरा वर्षांत असं खेळलो नव्हतो. घरी येताना सिग्नलला शीळ घालत होतो. बाजूच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

घोस्टिंगमध्ये लोक वाटेल तसे कोपरे घेतात. मला ते पटत नाही. मी क्रम ठरवला: पुढे उजवा, पुढे डावा, मध्ये उजवा, मध्ये डावा, मागे उजवा, मागे डावा. मग पुन्हा पहिल्यापासून. शिस्तीशिवाय काही नाही. डोक्याला कामच नको, पाय आपोआप गेले पाहिजेत.

जिम तूर्त थांबवली. ट्रेनरने फोन केला नाही, म्हणजे त्यालाही पटलेलं दिसतं.

२२ सप्टेंबर, सोमवार.

पाय आपोआप जायला लागले आहेत. आज सकाळी स्वयंपाकघरातून चहा घेऊन निघालो तो आधी फ्रिजकडे, मग खिडकीकडे, मग हॉलमध्ये. चहा थोडा सांडला. ऑफिसातही लिफ्टमधून बाहेर पडताना उजवा पाय पुढे झेपावतो. बॉसने विचारलं, पाठ धरली का.

झोपेतही सराव चालू असतो असं बायको म्हणते. काल तिच्या नडगीला 'मागे डावा' लागला. ती उशी घेऊन मुलीच्या खोलीत झोपायला गेली. बरं झालं, मलाही रिकव्हरीसाठी पूर्ण पलंग हवाच होता.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

टीमच्या सरावात चौथ्या नंबरच्या खेळाडूशी खेळलो. ३-० हरलो. कारण लगेच लक्षात आलं. चेंडू. चेंडू मध्ये आला की लय बिघडते. बाकी हालचाल निर्दोष होती.

नंतर कॅन्टीनमध्ये मी टेबल धरून बसलो, पण चौघांनाही नेमकं काम निघालं. एकाला सासऱ्यांना आणायचं होतं, एकाची डोकेदुखी, एकाचा गॅस सुरू राहिला होता. कप्तानाने कारण सांगितलंच नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. मी चार सँडविच आधीच सांगून ठेवली होती. ती खाल्ली. प्रोटीन लागतंच.

घरी येताना मोठ्या चौकात चौघेही एकाच गाडीत दिसले, खिदळत. सासरे कुठे दिसले नाहीत. पेट्रोल वाचवायला एकत्र निघाले असतील.

२८ सप्टेंबर, रविवार.

मुलीला कोर्टावर नेलं, मोबाईलवर शूटिंग करायला. कॉलेजात आहे, पण बापासाठी रविवारी लवकर उठली. तिने शूट केलं, दोनदा बघितलं. म्हणाली, बाबा, तुम्ही टीवर पोचायच्या आतच पुढच्या कोपऱ्याकडे वळताय. मी म्हटलं, यालाच तयारी म्हणतात. तिने विचारलं, एकाच कोपऱ्यात लागोपाठ दोनदा चेंडू आला तर? मी म्हटलं, ते नशिबाचा भाग झाला, त्यावर ट्रेनिंग नसतं.

मग तिने विचारलं की तुम्हाला हे करताना मजा येते का. हा प्रश्न मजेचा नाही, पॉवर फेजचा आहे, असं सांगितलं. परतताना गाडीत तिने माझी बॅग मांडीवर घेतली होती. का ते कळलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार.

महत्त्वाची घडामोड. सकाळी घोस्टिंग करताना काचेपलीकडे दंतवैद्य. हातात चहाचा कप. बाकावर बसून बराच वेळ बघत होते. मी मुद्दाम वेग वाढवला.

बाहेर आल्यावर म्हणाले, बघायला फार छान वाटतं हो. मग विचारलं, रोज करता का. मी म्हटलं, रोज. त्यांनी विचारलं, रोज हाच क्रम? मी छातीठोक सांगितलं, तंतोतंत हाच, झोपेतून उठवलं तरी बदलणार नाही. त्यांनी मान हलवली आणि कपात बघत राहिले. चेहरा पडला होता. घाबरलेला माणूस मी रोज बघतो. गाडीच्या कागदांची मुदत संपलेली असली की लोक असेच कपात बघतात.

मानसिक आघाडी माझी. घोडामैदान जवळच आहे.

संध्याकाळी टीमचा सराव रद्द झाल्याचा कप्तानाचा मेसेज आला. मी तरीही जाऊन आलो. सराव चालू होता. मेसेज चुकून गेला असं कप्तान म्हणाला. सगळ्यांना विचारलं, मेसेज फक्त मलाच चुकून गेला होता.

५ ऑक्टोबर, रविवार.

वजन केलं. तीन किलो वाढलंय. स्नायू चरबीपेक्षा जड असतात. खेळायची अर्धी चड्डी कमरेत बसत नाही, म्हणजे स्नायू कमरेत आलेत. ट्रेनरही मांड्या आणि कंबरच म्हणाला होता.

बायको म्हणाली, एवढा जिवाचा आटापिटा करण्यापेक्षा सोडून का देत नाही, नाहीतरी हरलात की दोन दिवस जेवताना कुणाशी बोलत नाही. मी म्हटलं, जिंकल्यावर बोलेन. ती म्हणाली, बघू या, तेव्हा काय बोलता ते.

८ ऑक्टोबर, बुधवार.

टेपर. पूर्ण आराम. या टप्प्यात मी तज्ज्ञ आहे.

आरामात एक वाईट असतं, विचार येतात. आज टेबलाशी बसल्या बसल्या वाटून गेलं की गुरुवार गेला तर माझ्याकडे काय राहील. ऑफिसात लोक माझ्याकडे येतात ते क्लेम पास व्हावा म्हणून, आणि मी बहुतेक नाकारतो. घरी सगळे आपापल्या उद्योगात. मी दारातून आत आलो की कुणाला बरं वाटावं अशी जागा एकच आहे, ते कोपऱ्यातलं टेबल. पाच खुर्च्या, त्यातली एक माझी. ती गेली तर मी बसू कुठे. मला भीती वाटते आहे.

हे टेपरमुळे. ट्रेनिंगच्या पुस्तकातही लिहिलंय, टेपरमध्ये चिडचिड होते.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी सात.

झोप उत्तम. केळं खाल्लं. पाय पिसासारखे हलके. आज टीव्हीवर दाखवायला हरकत नव्हती.

११ ऑक्टोबर. दुपारी.

३-०. दंतवैद्य.

तपशील लिहून ठेवतो, पुढे अभ्यासाला उपयोगी पडतील. वॉर्म-अपला मी घोस्टिंगचे दोन पूर्ण फेरे केले. काचेमागे टीममधले चौघे होते. कप्तानाने टाळ्या वाजवल्या. मग सामना. दंतवैद्य टीवर उभे राहिले आणि तिथेच राहिले. पहिला चेंडू पुढे उजवीकडे. मी पोचलो, मारला. मागे फिरलो आणि पाय पुढे डावीकडे गेले. चेंडू परत पुढे उजवीकडे. मग मी मध्ये उजवीकडे, चेंडू पुढे डावीकडे. पायांना थांब म्हटलं. ऐकेनात. सहाही कोपऱ्यांत मी वेळेवर हजर होतो. चेंडूच हजर नव्हता.

दुसऱ्या गेमपासून काचेमागून आवाज येईनासा झाला. तिसऱ्या गेममध्ये दंतवैद्यांनी दोन सोपे चेंडू मुद्दाम माझ्याकडे टाकले. नेमका मी त्या वेळी क्रमाप्रमाणे दुसरीकडे होतो.

एक जमेची बाजू. सामना संपल्यावर दंतवैद्य धापा टाकत होते, मी नाही. कंडिशनिंगचा प्रश्नच नाही. कंडिशनिंग जिंकलं.

हात मिळवताना दंतवैद्य सॉरी म्हणाले. जिंकलेल्याने सॉरी कशाला म्हणावं.

१२ ऑक्टोबर, रविवार.

घरी सांगितलेलं नाही. कोणी विचारलंही नाही. बायको लगबगीत होती. चांगला मुहूर्त बघून सांगू.

विचार केला. मी फेरलढत मागू शकतो. गुडघ्याचा पट्टा नियमात बसतो का हे कोणी तपासलंय?

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी.

ऑफिसात दंतवैद्यांचा फोन. म्हणाले, मला राहवत नाही म्हणून सांगतो, बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

कप्तान ऑगस्टमध्ये त्यांच्या दवाखान्यात गेला होता. दाताचं निमित्त. दात ठणठणीत होता. खुर्चीत पडूनच त्याने विषय काढला. पाचव्या जागेवर आम्हाला बदल हवाय, पण अकरा वर्षांच्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं, तेव्हा तुम्ही एक लढत खेळा, म्हणजे कोणाला काही बोलायला नको. दंतवैद्यांना लीगची हौस नाही. गुरुवारी ते लवकर झोपतात. तीनदा नाही म्हणाले. मग कप्तान म्हणाला, तुम्ही नाही तर दुसरा कोणी बघू. त्यांना वाटलं, तुम्ही हरणारच आहात तर निदान ओळखीच्या माणसाकडून.

मी विचारलं, माझा फिटनेस कमी पडला का. ते म्हणाले, फिटनेस उत्तम आहे हो तुमचा. मी विचारलं, मग बॅकहँड? ते म्हणाले, खेळाबद्दल कुणाचीच तक्रार नाही, पाचवा नंबर हरला काय, जिंकला काय. त्या चौघांना नंतरचं कॅन्टीनमधलं बसणं जड जातं.

मी म्हटलं, म्हणजे किस्से? मागे दवाखान्यातलं मशीन चालू होतं. मी म्हटलं, कप्तान तर खूप हसतो. ते म्हणाले, ठेवतो आता, पेशंटचं तोंड उघडं आहे.

फोन ठेवल्यावर एक क्लेमवाला समोर येऊन बसला. गाडी आपोआप उताराला लागली म्हणत होता. मी बघितलं, माणूस कागदांचा कोपरा दुमडत आणि उलगडत होता. पास करून टाकला. नियमात बसत नव्हता.

दीड महिना मी मांड्यांवर मेहनत घेतली. कोणी आधी सांगितलं असतं तर गप्प बसायचा सराव केला असता. तोही मला जमला असता असं वाटत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

आज लीगचा पहिला सामना. मी सात वाजताच घरी परतलो. बायकोला सांगितलं, समोरची टीम आली नाही, सामना रद्द.

मला माहीत नव्हतं की गुरुवारी आमच्या घरी पत्ते असतात. बायको, मेहुणी, मुलगी आणि शेजारच्या वहिनी. किती वर्षं चाललंय हे, असं विचारलं तर मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुम्ही टीममध्ये गेलात तेव्हापासून. हॉलच्या मधोमध टेबल ओढलेलं. चार खुर्च्या. मी दार उघडलं तेव्हा आत इतक्या जोरात हसत होत्या की किल्लीचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. मुलगी तर डोळे पुसत होती. तिला असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मला बघून सगळ्या थांबल्या.

मग सगळ्यांनी माझी फार काळजी घेतली. वहिनींनी खुर्ची देऊ केली. मुलीने विचारलं, बाबा, खेळता का. मेहुणी म्हणाली, पण हा डाव चौघांचाच असतो ना. मी म्हटलं, छे, मी बघतो नुसता. सोफ्यावर बसलो. शांतता होती म्हणून गाडी उताराला लागल्याचा किस्सा सांगितला. वहिनी ऐकता ऐकता घड्याळ बघत होत्या. बायको उठून पाणी आणायला गेली. पाणी टेबलावर होतं.

साडेआठलाच डाव मोडला. बायकोने पत्ते गोळा करत सहज विचारलं, पुढच्या गुरुवारीही रद्द आहे का. मी म्हटलं, नाही नाही, पुढचा नक्की आहे. तिने हो म्हटलं, आणि तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तिने लपवायचा प्रयत्न केला, पण माझा धंदाच तो आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार.

साडेसहाला बॅग घेऊन निघालो. बायकोने बाटली भरून दिली. मुलीने ऑल द बेस्ट म्हटलं.

नदीकडच्या रस्त्याला एक पार्किंग आहे, तिथे गाडी लावून बसलो. रेडिओ लावला, बंद केला. दोन माणसं कुत्रा घेऊन गेली. पावणेनऊला बाटलीतलं पाणी केसांवर ओतलं, आंघोळ केल्यासारखं दिसावं म्हणून. टॉवेल ओला करून बॅगेत कोंबला.

नऊला वर गेलो. हशा जिन्यापर्यंत ऐकू येत होता. या वेळी बेल वाजवली. बायकोने पत्त्यांवरून मान वर न करता विचारलं, काय झालं. जिंकलो म्हणालो. वा, भाऊजी, म्हणत मेहुणीने पान टाकलं. मी आत जाऊन टॉवेल वाळत घातला.

पुढच्या गुरुवारचा सामना बाहेरगावी आहे, असं सांगून ठेवलंय. म्हणजे साडेदहापर्यंत बसावं लागेल. गाडीत तेवढा वेळ पाय आखडतात, दुसरी जागा बघायला हवी.